बाजारात व्हॅले पार्किंग आणायचंय? महापालिकेत जायच्या आधी हे वाचा

व्यापारी संघाच्या मीटिंगमध्ये हा विषय हल्ली हमखास निघतो. गिऱ्हाईक मॉलला जातंय कारण तिथे गाडी लावता येते, मग आपणही महापालिकेला सांगून व्हॅले सुरू करू, चार पोरं ठेवू, झालं. झालं काय कप्पाळ! व्हॅलेने पार्किंगची एक जागासुद्धा वाढत नाही, गिऱ्हाईकाची गाडी त्याच्याऐवजी दुसरा कोणीतरी नेऊन लावतो एवढंच, त्यामुळे ती नेऊन लावणार कुठे हे पक्कं झाल्याशिवाय अर्ज लिहायलाच बसू नका.

दादरचं बघा. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या जी उत्तर वॉर्डाने दादर व्यापारी संघाला बरोबर घेऊन व्हॅले सुरू केलं, गाड्या जायच्या कोहिनूर स्क्वेअरच्या पब्लिक पार्किंगमध्ये, चार तासांचे १०० रुपये. यात पार्किंग आधीच बांधून तयार होतं बरं का, अडचण एवढीच की रानडे रोडला साडी घ्यायला आलेलं कुटुंब स्वतःहून तिथवर जाऊन, गाडी लावून, परत चालत येत नाही. ती मधली चाल काढून टाकायला व्हॅले. नुसत्या दंडाने काय होतं तेही मुंबईने करून बघितलंय, जुलै २०१९ मध्ये पब्लिक पार्किंगच्या ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर ५,००० पासून २३,००० पर्यंत दंड लावला होता, बोंबाबोंब झाली ती वेगळीच.

तर पहिलं काम, जागा शोधा. पालिकेचं वाहनतळ असेल तर उत्तम, पण ते संध्याकाळी आणि सणाच्या दिवसांत खरंच रिकामं असतं का हे स्वतः जाऊन बघा. पुण्यात लक्ष्मी रोड-तुळशीबागेची गर्दी मंडईतल्या मिसाळ आणि आर्यन वाहनतळावर आधीच असते, तिथे अजून व्हॅलेच्या गाड्या नेऊन कुठे कोंबणार? पालिकेचं नसेल तर संध्याकाळी सुटणारी शाळा, ऑफिसची बिल्डिंग, मंगल कार्यालय (पण लग्नाच्या तिथी सोडून, हे आधीच ठरवा नाहीतर मे महिन्यात फजिती आहे). जागा मालकाचं लेखी पत्र घ्या, किती गाड्या, कुठल्या वेळात, भाडं काय. तोंडी "हो हो, लावा की" हे पालिकेत चालत नाही.

दुसरं काम कोणालाच आवडत नाही पण सगळी केस त्याच्यावरच उभी राहते, मोजणी. शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ दोन पोरांना वही देऊन उभं करा, दर अर्ध्या तासाने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि लागलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे, बस. नंतर वही उघडून बसलात की दिसतं, कुठली गाडी वीस मिनिटांत गेली आणि कुठली चारही तास हललीच नाही. आणि न हलणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचा बघू मीटिंगमध्ये. एक सेक्रेटरींची, एक समोरच्या ज्वेलरची, चार-पाच सेल्समनच्या बाइक, दुपारपासून उभा असलेला कोणाचातरी छोटा हत्ती. पालिकेतला इंजिनिअर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतो की दुकानदारांच्या गाड्या कुठे लागतात, तेव्हा आपल्या गाड्या आधी हलवा, कदाचित निम्मं दुखणं तिथेच बरं होईल आणि व्हॅले फक्त शनिवार-रविवारपुरतं लागेल.

आता गणित. समजा ऐन गर्दीत तासाला ३० गाड्या येणार, वाहनतळ ७०० मीटरवर. ट्रॅफिकमधून न्यायला ५ मिनिटं, रॅम्प चढून लावायला ३, चालत परत यायला ८, म्हणजे एका फेरीला १६ मिनिटं, एक ड्रायव्हर तासाला फार तर चार गाड्या नेईल. ३० गाड्यांना आठ ड्रायव्हर, चार पोरं नव्हे! पोरांना परत आणायला एखादी ई-रिक्षा फिरती ठेवली तर फेरी ११-१२ मिनिटांवर येते आणि सहा जणांत भागतं. आणि हे झालं फक्त न्यायचं, साडेआठला दुकानं आवरायच्या वेळी सगळ्यांना गाडी एकदम हवी असते, तेव्हा गिऱ्हाईकाला बिलिंग काउंटरवरूनच फोन किंवा व्हॉट्सॲप करायला सांगा, बिल होईपर्यंत गाडी निघालेली पाहिजे. ज्यांनी लग्नाच्या हॉलबाहेर व्हॅलेची वाट बघत अर्धा तास काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रस्त्यावर गाडी ताब्यात घ्यायला जागा लागते ती वेगळीच. माणसं उतरणार, आजींना हात देणार, डिकीतून पिशवी काढणार, चावी-टोकन, तीन मिनिटं तरी जातात. तासाला ३० म्हणजे एका वेळी सरासरी दीड गाडी, पण गाड्या काही रांगेत शिस्तीत येत नाहीत, झुंडीने येतात, तेव्हा तीन जागा उतरायला आणि तीन जागा परत द्यायला धरा, एका गाडीला सहा मीटर म्हणजे ३६ मीटर. एवढ्या पट्ट्यात नो पार्किंग करून घ्यावं लागेल आणि तो पट्टा कोणाच्या दारात यावर संघात जी भांडणं होतात ती विचारू नका. बँकेसमोर घ्या. किंवा एखाद्या सरकारी ऑफिससमोर. संध्याकाळी ते बंद असतात, कोणाच्या पोटावर पाय येत नाही. मात्र बसस्टॉप, फायर हायड्रंट, चौकाचा कोपरा आणि हॉस्पिटलचं गेट यांच्यापासून लांब, आणि फूटपाथवर एक इंचही नाही.

मग परवानग्या. रस्ता पालिकेचा, पण त्यावर कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे वाहतूक पोलीस ठरवून अधिसूचना काढतात, म्हणून दोन्हीकडे एकदम जा. वॉर्ड ऑफिसवाले म्हणतात आधी पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात आधी पालिकेचं आणा, हा खेळ टाळायचा असेल तर एकच अर्ज दोघांना उद्देशून लिहा, दोन्ही आवकला शिक्का मारून पोच घ्या आणि वॉर्डाच्या सहायक आयुक्तांकडे एकत्र जागेवर पाहणी मागा. अर्जाला जोडायचं ते असं: मोजणीचा तक्ता, रस्त्याचा हाताने काढलेला का होईना नकाशा, वाहनतळाचं पत्र, वेळ, दर, ड्रायव्हर किती, तक्रारीचा फोन नंबर आणि सभासदांच्या सह्या. कायमची परवानगी मागू नका, तीन महिन्यांची प्रायोगिक मागा, ती द्यायला अधिकाऱ्यालाही धीर होतो.

सभागृहात विषय जाणार असेल तर नगरसेवकांना आधी भेटा, अगदी विरोधातल्यांना तर आधी. पुण्यात मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला, शेवटी पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून मान्य झालं आणि पुढे वर्षानुवर्षं ते कागदावरच राहिलं. पैसे घेऊन पार्किंग म्हटलं की लोक आधी चिडतात, मग विचारतात. तुम्हाला तीन प्रश्न येणार हे धरून चाला: ठेकेदार कोणाचा माणूस आहे, दुचाकीवाल्याला यात काय मिळणार आणि सार्वजनिक रस्ता तुम्ही फुकट वापरणार का. दुचाकीचा प्रश्न सगळ्यात खरा आहे कारण आपल्या बाजारात निम्मं गिऱ्हाईक स्कूटरवर येतं, तर मोटारी हटल्यावर मोकळी होणारी थोडी जागा दुचाकीला आखून द्यायचा प्रस्ताव तुम्हीच मांडा. आणि पट्ट्याचं भाडं स्वतःहून देऊ करा, मागितल्यावर देण्यापेक्षा ते बरं दिसतं.

गल्लीतले रहिवासी ओरडतात ते उगाच नाही. रेस्टॉरंटवाले व्हॅलेच्या नावाखाली गाडी घेतात आणि मागच्या गल्लीत सोसायटीच्या गेटसमोर लावून देतात, हे प्रत्येक शहरात चाललंय. यावर "आम्ही तसं करणार नाही" हे उत्तर नाही. उत्तर असं की रोजची टोकन आणि वाहनतळाच्या एन्ट्रीची नोंद जुळली पाहिजे, ४० टोकन दिली तर ४० एन्ट्री, आणि सोसायटीतल्या एका माणसाला ती वही कधीही बघता आली पाहिजे. गाडी रस्त्यावर सापडली तर ठेकेदाराला दंड, आणि ई-चलन आलंच तर ते ठेकेदार भरणार हेही करारात लिहा, कारण चलन जातं गाडीमालकाच्या मोबाइलवर आणि तो शिव्या घालतो दुकानाला.

जबाबदारीचं नीट समजून घ्या, इथे बरेच संघ गाफील राहतात. टोकनमागे बारीक अक्षरात "गाडी मालकाच्या जोखमीवर" छापलं की आपण सुटलो असं वाटतं ना? सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या केसमध्ये यावर निकाल दिलाय. १९९८ मध्ये तिथल्या व्हॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती, टोकनवर तशी अट छापलेलीच होती, तरी कोर्ट म्हणालं की गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळणं तुमचं काम, हलगर्जी झाली नाही हे तुम्ही दाखवायचं, अटीमागे लपता येणार नाही. २.८ लाख आणि वर व्याज, ते कायम राहिलं. म्हणजे टोकनवर संघाचं नाव छापणार असाल तर चोरी किंवा ठोकर झाल्यावर माणूस संघाच्या दारात येणार हे धरून विमा आधी काढा. ठेकेदाराकडे व्हॅलेसाठीचा विमा आहे का ते पॉलिसी हातात घेऊन वाचा, नुसतं "आहे साहेब" नको.

ड्रायव्हरचं लायसन्स मूळ प्रत बघून घ्या. लायसन्स नसलेल्याने गाडी चालवली तर त्याला ५,००० दंड आहे आणि ज्याने चालवायला दिली त्यालाही वेगळा ५,०००. ऑटोमॅटिक, पुश बटण, इलेक्ट्रिक सगळं चालवता येणारीच पोरं हवीत, आणि चावी घेताना गाडीच्या चारही बाजूंचा मोबाइलवर व्हिडिओ, गिऱ्हाईकासमोर, ओरखडा दिसला तर तिथेच दाखवायचा. पगार बरा द्या हो, टिपवर जगणारं पोर घाईत असतं आणि घाईत आरसा जातो.

सुरुवात दिवाळीत करू नका, सगळ्यांना तोच मोह होतो. पितृपक्षात बाजार थंड असतो, तेव्हा सुरू करा, पोरांना रस्ता आणि रॅम्प पाठ होतो, दसऱ्याला गर्दी आली की गोंधळ निम्मा. पहिले दोन आठवडे फुकट ठेवा, मग दर लावा, आणि हजार-दीड हजाराच्या खरेदीवर दुकानदाराने पार्किंगचे पैसे वळते करून द्यायचे असं ठरलं तर गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

शेवटची गोष्ट बंद करायच्या वेळेची. रात्री साडेनऊला दोन-तीन चाव्या उरतातच, कोणी जेवायला गेलेला असतो, कोणाचा फोन लागत नाही. त्या चाव्या पोराच्या खिशात घरी जाता कामा नयेत, वाहनतळाच्या चौकीत कुलूपबंद पेटी, वहीत नोंद आणि सही, आणि वाहनतळ रात्री किती वाजेपर्यंत उघडं हे टोकनवर ठळक अक्षरात छापलेलं पाहिजे.