गोडो ४ मध्ये उडी हाताला बसवताना

गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा खेळ बनवताना उडीचे आकडे अंदाजाने ठोकत बसू नका. आधी दोनच गोष्टी ठरवा: उडी किती उंच आणि माथ्यावर पोचायला किती वेळ. उंची ६४ पिक्सेल, वेळ ०.४ सेकंद धरू. गुरुत्व = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग, म्हणजे ८००. सुरुवातीचा वेग = २ × उंची ÷ वेळ, म्हणजे ३२०. गोडोत वाय अक्ष खाली वाढतो, म्हणून कोडमध्ये उणे ३२० लिहा.

गुरुत्वाला डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणून ते दर फिजिक्स फ्रेमला, म्हणजे हालचालीच्या हिशोबाच्या दर टप्प्याला, वेगात मिळवा. वेगाला मात्र पुन्हा डेल्टाने गुणू नका. पात्र हलवणारं गोडोचं ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन ते स्वतःच करतं. ही चूक झाली की पात्र जागचं हलतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मग माणूस उगाच वेग ६० पट वाढवून बसतो.

एवढं करूनही ‘बटण दाबलं, पण उडी लागलीच नाही’ ही तक्रार येतेच. कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडीची मुभा द्या. सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीला या ६ फ्रेम होतात. जमिनीला टेकण्याआधी दाबलेलं बटणही तेवढाच वेळ लक्षात ठेवा. उडी लागताच या दोन्ही वेळा मोजणारे टायमर शून्यावर आणा. नाहीतर हवेत फुकटची दुसरी उडी मिळते, आणि ती खेळणाऱ्यांना तुमच्या आधी सापडते!

बटण लवकर सोडल्यास वर जाण्याचा वेग निम्मा करा, पण सोडल्याच्या क्षणी एकदाच.