घरात साप निघाला तर काय करायचं, काय टाळायचं

घरात साप दिसला की दोन चुका हमखास होतात. एक तर सगळे ओरडत बाहेर पळतात आणि साप नेमका कुठल्या कोपऱ्यात शिरला हे कुणीच पाहिलेलं नसतं. मग रात्रभर माळे, गाद्या, कपाटं उपसत बसावं लागतं. नाहीतर कुणीतरी काठी उचलून पुढे सरसावतं. साप तोवर निसटायच्या बेतात असतो, पण वाट अडली की उलटतो. म्हणून नजर सापावर आणि पाय मागे, एवढं पहिल्या क्षणापासून पाळायचं.

साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेपावतो. चार फुटी नागाची झेप दोन फुटांच्या आसपास भरते. तरी ८ ते १० फूट अंतर ठेवा, कारण दोन फुटांचा अंदाज घाबरलेल्या माणसाला घेता येत नाही. खोली लहान असेल तर उंबऱ्याबाहेर उभं राहून पाहा. लहान मुलांच्याही आधी कुत्र्या-मांजराला बाहेर काढा. कुत्रा भुंकत अंगावर गेला की साप कपाटामागे किंवा फ्रिजखाली घुसतो आणि काम तिप्पट होतं.

एकाने दारात उभं राहून पाहत राहायचं, दुसऱ्याने फोन करायचा. दिवे चालू ठेवा. आतल्या खोल्यांची दारं लावून घ्या आणि प्रत्येक दाराखाली चादर किंवा टॉवेल घट्ट गुंडाळून कोंबा. खोलीला अंगणात उघडणारं दार असेल तर ते सताड उघडून त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. पुष्कळदा साप आपणच निघून जातो. न्हाणीघरात दिसला असेल तर बाहेरून दार लावून फट बंद करा, आत पाय टाकू नका. बादली उपडी घालून त्याला झाकायचा मोह होतो, पण त्यासाठी हात सापाच्या टप्प्यात न्यावा लागतो.

फिनाईल, रॉकेल, गरम पाणी, मिरचीचा धूर यांतलं काहीही वापरू नका. रॉकेलने सापाची कातडी भाजते, तो सैरावैरा होतो आणि सगळ्यात खोल फटीत जाऊन बसतो. मग सर्पमित्राला तो सापडत नाही, आणि तुम्हाला त्याच खोलीत झोपायचं असतं.

महाराष्ट्रात वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. शिवाय आपल्या भागातल्या दोन सर्पमित्रांचे क्रमांक पावसाळ्याआधी फोनमध्ये घालून ठेवा. एकच ठेवला तर नेमका त्या रात्री तो दुसऱ्या गावात गेलेला असतो. फोनवर सापाची अंदाजे लांबी, रंग, पट्टे की ठिपके, आणि आत्ता तो कुठे आहे हे सांगा. दारातूनच झूम करून डोकं, पाठीचा मधला भाग आणि शेपटी दिसेल असा फोटो पाठवा. फोटोसाठी पुढे वाकू नका.

आलेल्या सर्पमित्राकडे हूक, पाईप लावलेली पिशवी किंवा बरणी असायला हवी. जाणकार माणूस सापाला मानेला धरून मिरवत नाही. हुकाने उचलून अंधाऱ्या पिशवीच्या तोंडाशी नेतो, साप आपणहून आत शिरतो, पिशवी बांधली जाते, नोंद होते, आणि साप जवळच्याच योग्य जागी सोडला जातो. कुणी गळ्यात घालून फोटो काढायला लागलं तर त्याला तिथेच थांबवा, कारण त्या खेळात सर्पमित्रही दगावले आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार साप मारणं, बाळगणं किंवा त्याचा खेळ करणं हा गुन्हा आहे, हेही घरातल्यांना आणि जमलेल्या गर्दीला सांगून ठेवा.

ओळख: चार विषारी, आणि त्यांच्यासारखे दिसणारे

आपल्याकडे जीवघेणे दंश मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचे. नाग फणा काढतो तेव्हा शंका उरत नाही, पण पळताना किंवा बिळात अर्धा शिरलेला असताना तो धामणीसारखाच दिसतो. धामण लांब असते, सात-आठ फुटांपर्यंत जाते, डोळे मोठे असतात आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा दिसतात. ती दिवसा फिरते आणि उंदीर फस्त करते. नाग समजून मारल्या जाणाऱ्या सापांत धामणी फार असतात, याचं वाईट वाटतं.

खरा घोटाळा मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात होतो. दोघंही काळपट, दोघांनाही पांढरे आडवे पट्टे, दोघंही रात्री निघतात. फरक पट्टे कुठून सुरू होतात त्यात आहे. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट असतं. तिच्या मानेमागचा भाग बहुधा कोरा काळा, पट्टे थोडं मागून सुरू होतात, बारीक असतात, बऱ्याचदा जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. मण्यारीची कातडी तेल लावल्यासारखी चकाकते आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. ही रांग फोटो मोठा करून पाहिल्यावरच दिसते, ती पाहायला जवळ जाऊ नका. कवड्या खडबडीत भिंतीवर सहज चढतो, पण भिंतीवरचा साप बिनविषारीच असं त्यावरून ठरवायचं नाही.

घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी आणि मान बारीक. ती कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार सोडते. अजगराचं पिल्लू किंवा डुरक्या घोणस (नावात घोणस असली तरी हा बिनविषारी साप) म्हणून तिला हातात घेणारे आयुष्यभराची इजा करून घेतात. अजगर आणि डुरक्या घोणशीचे चट्टे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात. घोणशीचे ठिपके कडा आखून दिल्यासारखे सुटे दिसतात. फुरसं लहान, जेमतेम फूट-दीड फुटाचं, कोकणात कातळावर आणि दगडांखाली फार. त्याच्या डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी पांढरट खूण असते, आणि अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खर्रखर्र आवाज काढतं. लहान आहे म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. विषारी सापाचं पिल्लू अंड्यातून किंवा पोटातून बाहेर पडल्या दिवसापासून विषारी असतं.

ओळख पटली नाही तर साप विषारी आहे असं धरून चाला. मेलेल्या सापालाही हात लावू नका. तुटलेलं डोकं काही काळ चावू शकतं.

साप घरात का येतो

तो माणसासाठी येत नाही. उंदीर, बेडूक, पाल आणि कोरडी जागा यांच्या मागावर येतो. पावसात बिळं भरली की उंदीर घराकडे सरकतात आणि साप त्यांच्या मागोमाग. म्हणून धान्याची पोती फळीवर ठेवणं, रात्रीचं खरकटं झाकणं आणि कोंबड्यांचं खाद्य घट्ट डब्यात बंद करणं हेच सापाविरुद्धचं पहिलं काम. कार्बोलिक ॲसिड, लसूण, मीठ किंवा बाजारातल्या पुड्या यांनी साप थांबत नाही. कार्बोलिकने मुलांची आणि जनावरांची कातडी मात्र भाजते.

फटी शोधायला पेन्सिल पुरते. दार बंद करून खालून पेन्सिल आडवी सरकवा. ती सहज पलीकडे गेली तर सापाचं पिल्लूही जाईल. दाराला रबराची किंवा ब्रशची पट्टी लावा, ती दोन्ही टोकांना चौकटीला टेकली पाहिजे. कोपऱ्यातली अर्ध्या इंचाची जागा बहुतेक वेळा सुटते आणि साप भिंतीच्या कडेकडेनेच चालत असल्यामुळे त्याला तीच सापडते. मोरीच्या आणि सांडपाण्याच्या तोंडाला ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. प्लॅस्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. नळ आणि वायरी भिंतीतून जिथे आत येतात ती भोकं सिमेंटने भरा. कापडाचा बोळा कोंबलात तर उंदीर तो ओढून काढेल. सेप्टिक टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडालाही जाळी हवी.

अंगणात लाकडं, विटा, कौलांचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडं जमिनीपासून किमान एक फूट उंच मांडणीवर रचा, म्हणजे खालून उजेड आणि झाडू दोन्ही फिरतील. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. छपरावर आलेल्या फांद्या तीनेक फूट मागे छाटा. बागेला किंवा परसाला लावलेली नायलॉनची जाळी जमिनीवर सैल पडू देऊ नका, त्यात साप अडकतो. अडकलेल्या सापाला ओढू नका, सर्पमित्र जाळी कापून त्याला सोडवतो.

रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. बूट उंच मांडणीवर ठेवले तर उत्तम.

मण्यार आणि जमिनीवरचं अंथरुण

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. झोपेत कूस बदलली की चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही कधी कधी सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय, घसा आवळतोय म्हणतो, घरचे अपचन समजून ओवा देतात. तासाभरात पापण्या उघडेनाशा होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास घेणं जड जातं.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड आली तर पान लागल्याचं, म्हणजे साप चावल्याचं धरून थेट दवाखाना गाठा. खाट घेणं शक्य नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या चारही कडा अंथरुणाखाली नीट खोचा. नुसती लोंबती मच्छरदाणी डास अडवेल, साप नाही. अंथरूण भिंतीपासून दूर घाला.

साप चावला तर

माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका. हालचालीने विष लवकर पसरतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते कापून काढावे लागतात. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका. आवळल्याने तिथलं मांस मरतं, आणि दोर सोडताच साठलेलं विष एकदम अंगात जातं. कुणी आधीच आवळलं असेल तर ते घरी सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडवा. चिरा देणं, चोखणं, बर्फ, चुना, मंत्र, कोंबडी लावणं यात फक्त वेळ जातो, आणि घोणशीच्या विषात चीर दिली तर रक्त थांबत नाही. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

१०८ ला फोन करा, पण गाडी उशिरा येणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. आधी फोन करून प्रतिविष आहे का आणि श्वास देण्याची सोय आहे का, एवढं विचारा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं आणि ते या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची काही गरज नाही. चावण्याची वेळ आणि पहिलं लक्षण कधी दिसलं ते कागदावर लिहून घ्या.

वाटेत श्वास मंदावला तर तोंडाने श्वास देत राहा. मण्यारीच्या विषात डोळे मिटतात, हातपाय हलत नाहीत, माणूस गेल्यासारखा दिसतो, पण आत शुद्ध असू शकते. श्वास चालू ठेवला तर अशी माणसं व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून उठून बसतात.

रुग्णालयात डॉक्टर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठतं का पाहतात. ही वीस मिनिटं नातेवाइकांना दुर्लक्ष वाटतात आणि भांडणं होतात. घोणस किंवा फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, ते याच चाचणीत कळतं. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीला प्रतिविषाच्या साधारण १० कुप्या सलाईनमधून देतात, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष वय पाहून सोडलेलं नसतं. लक्षण नसलं तरी २४ तास देखरेखीखाली थांबा. सकाळी बरं वाटतंय म्हणून उठून घरी जाऊ नका.

घरी सोडल्यावर लघवी कमी झाली, लाल झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी परत जा. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडं बिघडतात आणि वेळेत डायलिसिस लागू शकतं. प्रतिविष दिल्यावर साधारण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. ती प्रतिविषाची प्रतिक्रिया असते आणि औषधाने बरी होते, तेव्हा घरगुती उपायात दिवस न घालवता रुग्णालयाचा कागद घेऊन पुन्हा दाखवा.