रिव्हर्स कॅमेऱ्यावरच्या रेघा

आमच्या वाड्यात मुलं गाड्यांच्या मागेच खेळतात, म्हणून मागचा कॅमेरा घरीच बसवला. रिव्हर्स टाकला की स्क्रीन लागायचा, पण इंजिन चालू असताना चित्रावर आडव्या रेघा सरकत राहायच्या. कॅमेराच खराब असेल असं वाटलं. मल्टिमीटर लावला तर रिव्हर्स दिव्याच्या वायरवर १२ व्होल्ट व्यवस्थित येत होते. गडबड अर्थिंगमध्ये निघाली. कॅमेऱ्याची अर्थिंगची काळी वायर मी गाडीच्या रंग दिलेल्या पत्र्यावरच आवळली होती, आणि रंगातून वीज नीट जात नाही. पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, वायरच्या टोकाला गोल लग (बोल्टमध्ये अडकणारी धातूची कडी) दाबून बोल्ट घट्ट केला, वरून ग्रीस लावलं. रेघा गेल्या.

तरी डिकी उघडली की चित्र गायब! बिजागरीजवळ केबल ताणली जात होती. मग ती कंपनीच्या वायरिंगच्या रबरी नळीतूनच नेली, आधी सायकलच्या ब्रेकची तार घालून तिला केबल बांधून ओढली, आणि थोडी ढील ठेवली. तासभर लागतो, बोटं दुखतात. पण पत्र्याला भोक पाडून केबल कधीच नेऊ नका. धारदार कडेने ती कापली जाते आणि पावसाचं पाणी आत शिरतं.