होमस्कूलिंग केलेल्या मुलाची स्कॉलरशिप वीकेंडसाठी तयारी

अमेरिकेतल्या मोठ्या गुणवत्ता-स्कॉलरशिपचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा कॅम्पसवरच पार पडतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसची मोरहेड-केन, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची पार्क, टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस कॅम्पसची मॅकडरमॉट या स्कॉलरशिपच्या अंतिम यादीतल्या मुलांना दोन-तीन दिवसांसाठी बोलावतात. अनेक लहान खाजगी कॉलेजंही साधारण जानेवारी ते मार्चमध्ये असे वीकेंड भरवतात. मुलाखत, गटचर्चा, कधी जागेवर लिहायचा निबंध, एखाद्या वर्गात बसणं, रात्रीचं जेवण, तिथल्या विद्यार्थ्याच्या खोलीवर मुक्काम असा कार्यक्रम असतो. इथवर पोचलेल्या सगळ्यांचेच मार्क उत्तम असतात. घरी शिकलेलं मूल समोर आलं की पॅनेलच्या मनात वेगळाच प्रश्न असतो: हे शिक्षण मुलाचं स्वतःचं आहे की आईवडिलांचं? तयारी या प्रश्नाभोवती करा.

आमंत्रण आणि वीकेंड यांत कधीकधी तीनच आठवडे असतात, म्हणून अर्ज पाठवल्यावरच सराव सुरू करा.

आधी ट्रान्सक्रिप्ट, मग प्रश्नोत्तरं

शाळेतल्या मुलाच्या कागदावर 'एपी बायोलॉजी' (एपी म्हणजे शाळेतच घेतलेला कॉलेजच्या पातळीचा कोर्स) लिहिलेलं असलं की कुणी पुढे विचारत नाही. घरच्या ट्रान्सक्रिप्टवरची (कोर्स आणि मार्कांच्या नोंदीवरची) प्रत्येक ओळ मात्र चौकशीला वाट देते. ट्रान्सक्रिप्ट आणि कोर्सची वर्णनं पालकांनी लिहिलेली असतात, कॉमन ॲपमधलं (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जातलं) काउन्सेलरचं पत्रही बऱ्याचदा आईनेच लिहिलेलं असतं, आणि मुलाने यातलं काहीच वाचलेलं नसतं. मग पॅनेलने कागदावरच्या कोर्सबद्दल विचारलं की मूल गोंधळतं, कारण घरी त्या कोर्सला त्या नावाने कुणी हाक मारलेलीच नसते.

एक अख्खी दुपार काढा आणि मुलाला प्रत्येक कोर्सबद्दल तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा: मुख्य पुस्तक किंवा साधन कोणतं होतं, सगळ्यात अवघड काय गेलं, आणि काय अर्धवट राहिलं. तिसरं उत्तर टाळू नका. जे राहिलं ते सांगता येणारं मूल शिकलेलं वाटतं, सगळं छान झालं म्हणणारं पढवलेलं वाटतं. कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचे) कोर्स, एपीचे स्कोअर, बाहेरच्या शिक्षकांची पत्रं हीही नजरेखालून घाला, कारण घराबाहेरच्या कुणीतरी दिलेली पावती तीच असते.

'होमस्कूलिंग का?' हा प्रश्न येणारच

उत्तर मिनिटभराचं हवं. निर्णय आईवडिलांनी घेतला असेल तर तसं एका वाक्यात सांगावं आणि लगेच मुलाने त्या मोकळ्या वेळाचं काय केलं यावर यावं. शाळांवर टीका अजिबात नको. पॅनेलवर बसलेल्यांपैकी कुणी सरकारी शाळेत शिकवलेलं असू शकतं, आणि टीकेने मुलाबद्दल काहीच कळत नाही. मित्रमैत्रिणींबद्दलचा प्रश्नही येतो, कधी सरळ, कधी आडून. त्यावर दुखावल्यासारखा चेहरा न करता ठोस सांगावं: दर शनिवारी मराठी शाळेत धाकट्यांचा वर्ग सांभाळते, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ध्वनियोजना बघते, ग्रंथालयात कुणाबरोबर काम करते.

आपल्या घरांतल्या दोन सवयी इथे आड येतात. पहिली, स्वतःची टिमकी वाजवू नये ही शिकवण. मूल सगळं 'आम्ही केलं' म्हणतं आणि त्याने नेमकं काय केलं ते कळतच नाही. उपाय सोपा आहे: विशेषण नको, क्रियापद हवं. 'मी छान नेतृत्व केलं' म्हणायला संकोच वाटतो, पण 'स्वयंसेवकांचं वेळापत्रक मी बनवलं, दोघं आले नाहीत तेव्हा त्यांच्या जागी माणसं मी शोधली' हे सांगताना संकोचायचं कारण नाही. दुसरी सवय वक्तृत्व स्पर्धेची. पाठ केलेलं, चढ-उतारांचं, शेवटी सुविचार असलेलं उत्तर दुसऱ्या वाक्यातच ओळखू येतं, आणि मधेच कुणी प्रश्न विचारला की सगळी गाडी अडते. उत्तरं लिहून काढूच नका. दहा-बारा प्रसंगांची यादी करा, प्रत्येकाला तीन-चार शब्दांचं नाव द्या, आणि त्याच प्रसंगांतून वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवायचा सराव करा.

सराव मुलाखती

किमान चार घ्या, आणि त्यांतली एकही पालकांनी घेऊ नये. जे मूल आईच्या भुवईवरून उत्तर बरोबर की चूक ते ओळखतं, त्याचा आईसमोर सराव होत नाही. मंडळातले निवृत्त प्राध्यापक, ओळखीच्या डॉक्टर, ग्रंथपाल, दोघं-तिघं एकत्र बसतील तर उत्तम, कारण खऱ्या पॅनेलवर बहुधा एकापेक्षा जास्त माणसं असतात. वेळ पंचवीस मिनिटं धरा. बहुतेक उत्तरं एक ते दीड मिनिटाची असावीत. त्यापेक्षा लांबली तर पॅनेलचे प्रश्न कमी होतात, आणि मुलाची बाजू दिसायची संधीही तेवढी घटते. मुलाखत घेणाऱ्यांना सांगा की एखाद्या मताला मुद्दाम विरोध करा. घरी शिकलेल्या मुलाला एकाच मोठ्या माणसाशी निवांत बोलायची चांगली सवय असते. तीन अनोळखी माणसांपैकी एक जण मान हलवत नाहीये, हे मात्र नवीन असतं.

मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मुलाने एकट्याने बघावं. तुमची टिप्पणी मागितली तरच द्या.

दोन प्रश्न हमखास अडकवतात. 'अभ्यासाबाहेर काय वाचलंस?' घरी अभ्यास आणि आवड यांत रेषा नसते, म्हणून मूल गप्प होतं. नुकतंच वाचलेलं एक पुस्तक आणि त्यातलं न पटलेलं एक म्हणणं तयार ठेवायला हवं. दुसरा, 'आमच्यासाठी काही प्रश्न?' कॉलेजच्या वेबसाइटवर उत्तर मिळेल असा प्रश्न वाया जातो. आधी त्या विभागाचे कोर्स आणि प्राध्यापकांचं काम वाचून दोन खरे प्रश्न काढा.

गटचर्चा

खरी कसोटी इथे लागते. सहा-आठ मुलं, अर्धा-पाऊण तास, एखादी समस्या: गावाकडे इतका निधी आहे, तो या पाच कामांत कसा वाटाल? निरीक्षक कोपऱ्यात लिहीत बसतात. घरी शिकलेली मुलं इथे दोन प्रकारे घसरतात. काही आपली पाळी येण्याची वाट बघतात, आणि पाळी येतच नाही. काही संधी मिळताच पूर्ण विचार मांडून मोकळी होतात आणि तीन मिनिटं बोलतात.

को-ऑपमधली (होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांच्या गटातली) किंवा मराठी शाळेतली पाच-सहा मुलं गोळा करा, ग्रंथालयाची खोली घ्या, अर्ध्या तासाचा गजर लावा. एका मोठ्या माणसाने फक्त टिपायचं: कोण किती वेळा बोललं, किती सेकंद, कुणाचं बोलणं कुणी तोडलं. चार ते सहा वेळा, दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत बोलणं पुरेसं आहे. त्यांत एकदा दुसऱ्याच्या मुद्द्याला त्याचं नाव घेऊन पुढे नेणं, एकदा गप्प बसलेल्याला विचारणं, आणि वेळ संपत आल्यावर निर्णयाकडे वळवणं आलं पाहिजे. दोन बैठकींत फरक दिसतो.

प्रवास, कपडे, जेवण

फेब्रुवारीत बर्फामुळे विमानं रद्द होतात; शेवटचं विमान धरू नका आणि संयोजकांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. ब्लेझर आणि बूट हातातल्या बॅगेत ठेवा. बूट नवे असतील तर आधी दोन दिवस घालून चाला, कारण कॅम्पस मोठे असतात. मुक्कामासाठी टॉवेल, चप्पल आणि बहुधा स्लीपिंग बॅग लागते. अठराच्या आतल्या मुलाच्या संमतीपत्रांवर सह्या राहिल्या नाहीत ना, ते बघा. शाकाहार फॉर्ममध्ये लिहा. टेबलावर ऐनवेळी सांगण्यात विनाकारण गडबड होते. काटा-सुरीची सवय नसेल तर आठवडाभर घरी तसंच जेवा. यजमान विद्यार्थ्यांशी बोलताना मूल्यमापन चालूच आहे असं समजून वागावं, पण मोकळेपणाने.

पालकांचं काम

पालकांचं सत्र वेगळं असतं. तिथे मुलाचे गुण सांगू नका, पैशाचं विचारा. स्कॉलरशिप आठ सेमिस्टर चालते का, टिकवायला जीपीए (मार्कांची सरासरी) किती लागतो, कॉलेजची फी वाढली तर रक्कम वाढते का, विषय बदलता येतो का. मुलाकडे कम्युनिटी कॉलेजचे बरेच क्रेडिट असतील, विशेषतः असोसिएट ही दोन वर्षांची पदवी झाली असेल, तर त्याला फर्स्ट-इयर धरतात का हे लेखी घ्या. मूल एच-4 वर (एच-1बीसारख्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर फेडरल मदत मिळत नाही आणि नोकरीही करता येत नाही. स्कॉलरशिपमध्ये पगारी काम किंवा इंटर्नशिप असेल तर त्याचं काय, हे अर्जाच्या आधीच विचारलेलं बरं. खोली आणि जेवणासाठी मिळणाऱ्या भागावर कर लागू शकतो, तेही हिशेबात धरा.

परतल्यावर एक-दोन दिवसांत मुलाने स्वतः आभाराचे ईमेल पाठवावेत, चार ओळींचे, प्रत्यक्ष झालेल्या बोलण्याचा उल्लेख असलेले. निकाल राखीव यादीत लागला तर स्वारस्य कायम असल्याचं एकदाच कळवावं. 1 मे ही बहुतेक कॉलेजांची उत्तराची मुदत असते. जी जागा नको आहे ती त्याआधीच सोडावी, म्हणजे राखीव यादीतल्या दुसऱ्या मुलाला ती वेळेत मिळते.