पेठेतला वाडा ‘धोकादायक’ ठरवण्याआधी : नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

कलम २६४ (धोकादायक बांधकाम पाडणं किंवा दुरुस्त करणं) आणि २६८ (इमारत रिकामी करून घेणं), सी-१ (ताबडतोब रिकामी करून पाडायची) ते सी-३ (किरकोळ दुरुस्ती) ही वर्गवारी, पंचनामा कसा लिहायचा, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. एकच सांगणं : नोटिशीचा मुंबईचा नमुना उचलू नका. तिथलं कलम ३५४ हे १८८८ च्या मुंबईच्या कायद्यातलं आहे. पुण्याला १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. चुकीचं कलम म्हणजे समोरच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत.

खरा सापळा पुढे आहे. तपासणीचे छापील तक्ते आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. रिबाउंड हॅमर, यूपीव्ही, हाफ-सेल, कोअर या काँक्रीट आणि सळई तपासायच्या चाचण्या सोसायटीच्या इमारतीला ठीक. कसबा किंवा शनिवार पेठेतल्या वाड्यात काँक्रीटच नसतं. लाकडी सांगाडा, मातीत बांधलेल्या विटा, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. तरीही तक्त्यातले रकाने भरायचे म्हणून मागाहून बांधलेल्या संडास-बाथरूमच्या स्लॅबवर हॅमर मारला जातो आणि त्या आकड्यावर अख्ख्या वाड्याचा निकाल लागतो. सल्लागाराच्या अहवालात वाड्याची ‘काँक्रीट ग्रेड’ दिसली, तर वाचत बसू नका, परत पाठवा. फोटोवरून सी-१ लिहून देणारेही भेटतील. अहवालाचे पैसे मालकाने दिलेत की भाडेकरूंनी, हे आधी विचारा. दोघांचे अहवाल उलटसुलट आले, तर तिसरी तपासणी लागणारच.

वाडा कुजतो तो ठरलेल्या जागी. भिंतीत गाडलेली तुळईची टोकं, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला खांबाचा बुंधा आणि पन्हळीखालचा भाग. तिथे टोचा खुपसा. चांगल्या सागवानात तो जेमतेम रुततो, कुजलेल्यात बोटभर जातो. हातोडीने वाजवा, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. ओलावा मोजायचं यंत्र २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल, तर बुरशीला रान मोकळं आहे. खांबाला सिमेंटचा गिलावा केला असेल, तर थोडा फोडून बघाच. आतलं ओल धरलेलं लाकूड त्यामागे लपतं. भिंतीला ओळंबा लावा. मातीतल्या जाड भिंतीचे दोन पदर सुटून बाहेरचा पदर फुगतो, आणि तो पावसात एकदम खाली येतो.

नंतर वर जाऊन वजन बघा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. पाटावर कोबा, त्यावर फरशी. वरचा भार वाढतो, खालच्या तुळया आणि खांब मात्र तेच असतात.

सुरुवातीला प्रत्येक वाडा आत्ताच पडेल असं वाटतं. वाटू द्या. लाकूड वाकूनही वर्षानुवर्षं उभं राहतं. बघायचं ते एवढंच, की वाक जुना आहे की नवा. जुन्या फटीत धूळ, जळमटं, रंगाचे थर असतात, नव्या फटीची कड ताजी असते. शंका असेल तर फटीवर काचपट्टी प्लास्टरने घट्ट बसवा, वर तारीख घाला. काच तडकली की हालचाल चालू आहे. हे शिकवायला वाड्यांचं काम केलेला जुना सुतार मिळाला, तर त्याच्या मागे मागे फिरा. कार्यालयातल्या तयार मसुद्यांपेक्षा तो जास्त शिकवतो.

नोटिशीत नुसतं ‘इमारत धोकादायक’ लिहू नका. कोणता मजला, कोणती भिंत, आणि पाडायचं, टेकू द्यायचा की दुरुस्त करायचं, ते लिहा. रिकामं करण्याच्या आदेशात कारणं हवीतच. संकट अगदी दारात असेल, तर २६४ मध्येच नोटिशीची मुदत संपायची वाट न पाहता कुंपण घालायची, उतरवून घ्यायची मुभा आहे, ती वापरायला कचरू नका. फक्त इमारतीच बघू नका, भिंतीही याच कलमात येतात. २९ जून २०१९ ला कोंढव्यात पंधरा जणांचा जीव गेला तो सीमाभिंत कोसळून.

टेकू लावताना तो प्रत्येक मजल्यावर एकाच ओळंब्यात, थेट जमिनीपर्यंत उतरवा, बुडाशी जाड फळी. वरच्या मजल्यावरच थांबवलात, तर सगळा भार खालच्या कुजक्या तुळईवर जातो.

पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूची खोली टेपने मोजा. ओसरी, पोटमाळा, सामाईक जागा वेगळ्या लिहा, नकाशावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या घ्या. सही नाकारली, तर तसं पंचनाम्यात लिहा. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. मोकळ्या प्लॉटवर मात्र मोजायला काही उरत नाही, आणि मग सगळे तुमच्या टेबलाशी येतात.

वीज महावितरणकडून खांबावरूनच तोडून घ्या, पाणी रस्त्यावरून. पाडकाम वरून खाली, हाताने. जेसीबी फक्त राडारोडा उचलायला. शेजारच्या वाड्याची सामाईक भिंत आपल्या तुळयांच्या आधाराने उभी असते, म्हणून त्या तुळया काढण्याआधी भिंतीला तिरके टेकू द्या आणि उघडी पडलेली बाजू पावसाआधी झाकून घ्या.