संकेश्वरी मिरची परदेशी धाडायची असेल, तर नियम खळ्यापासून वाचावेत

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात जवारी (देशी) मिरची पिकवणाऱ्याला आपल्या मालाची पारख ठाऊक असते ती गडहिंग्लजच्या सौद्यातली. तिथे रंग, देठ आणि वाळण पाहून बोली लागते. निर्यातदाराला मात्र याखेरीज प्रयोगशाळेचा अहवाल हवा असतो. त्या अहवालातील मर्यादा कोण ठरवतो, हे लावणीपूर्वीच समजून घ्यावे, कारण मिरची वाळून पोत्यात भरल्यावर त्यातले बहुतेक दोष दुरुस्त करता येत नाहीत.

माल कोणत्या देशात जाणार, हे सर्वांत आधी निर्यातदाराला विचारावे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेबरोबरच एसपीएस (सॅनिटरी अँड फायटोसॅनिटरी, म्हणजे आरोग्य व पीक-आरोग्यविषयक उपायांचा) करार लागू झाला. माणसांच्या, जनावरांच्या आणि पिकांच्या आरोग्यासाठी प्रत्येक देशाला आयातीवर नियम घालण्याचा हक्क या कराराने मान्य केला, मात्र त्या नियमांना शास्त्रीय आधार असला पाहिजे आणि व्यापार अडवण्याचे ते छुपे साधन होता कामा नये, अशी अटही घातली. अन्नाच्या बाबतीत हा करार कोडेक्स आयोगाची मानके आधारभूत धरतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा हा आयोग १९६३ पासून काम करतो. धोक्याचे मूल्यमापन करून एखादा देश कोडेक्सपेक्षा कडक मर्यादाही ठेवू शकतो. त्यामुळे एकच पोते एका बंदरात पास होते आणि दुसऱ्या बंदरात अडते. आपल्या एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) मर्यादेत बसलेला माल परदेशात चालेलच, असे म्हणूनच गृहीत धरू नये.

मिरचीच्या बाबतीत सर्वाधिक जपावे लागते ते अफ्लाटॉक्सिनला. एस्परजिलस जातीच्या बुरशीपासून तयार होणारे हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते आणि शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. युरोपीय संघात वाळलेल्या मिरचीसाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा कागदावर दूरचा वाटतो, पण त्याचा निकाल आपल्या खळ्यावरच लागतो. मातीवर पसरलेली मिरची दिवसा तापते आणि पहाटेच्या दवाने पुन्हा ओलावते. वरची साल चकाकत राहते, पण देठाखालच्या पोकळीत ओल टिकून राहते. अशी एखादी मिरची हातात घेऊन उभी चिरावी. बिया मोकळ्या, पिवळसर आणि खुळखुळणाऱ्या असतील तर वाळण नीट झाली आहे; बियांभोवती करडा-हिरवट भुरा दिसला, तर ती मिरची बाहेरून कितीही लालभडक असली तरी बाजूला काढावी. भुरा दिसला नाही म्हणून विष नाहीच, असे मात्र समजू नये. त्याची खात्री तपासणीनेच होते.

म्हणून मिरची स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरावी, दिवसातून दोन-तीनदा उलटावी आणि दव पडण्यापूर्वी झाकावी. फटकी (रंग उडालेली) व फुटलेली मिरची वेगळी काढावी. भरताना मिरची तुटू नये, वजनही भरावे, म्हणून पोत्यावर पाणी शिंपडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. निर्यातीच्या मालात ती पूर्णपणे बंद करावी, कारण आठवडाभराची मेहनत त्या एका तांब्याने वाया जाते. पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नयेत, खाली लाकडी फळ्या द्याव्यात. नमुना काढताना वरच्या एका पोत्यातून मूठभर मिरची घेऊ नये. हे विष सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते, थोड्याच मिरच्यांत साठलेले असते. त्यामुळे अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी मिरची घेऊन ती एकत्र करावी आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.

दुसरी बाब कीटकनाशकांच्या अवशेषांची. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघ किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लावतो, म्हणजे शंभर टन मालात केवळ एक ग्रॅम. क्लोरपायरीफॉसची मान्यता तिथे २०२० मध्ये संपली आणि त्यालाही हीच मर्यादा लागू झाली. शिवाय साधारण तीन ते चार किलो ओल्या लाल मिरचीतून एक किलो वाळलेली मिरची मिळते, म्हणजे पाणी उडाले तरी मागे राहिलेला अवशेष वजनाच्या प्रमाणात दाट होतो. डब्यावरचा प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस) पाळणे आवश्यकच आहे, पण तो येथील मर्यादा धरून ठरवलेला असल्याने परदेशी मर्यादेसाठी तो पुरेलच असे नाही. निर्यातदाराकडून चालणाऱ्या औषधांची यादी लेखी घ्यावी आणि ती घेऊन रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) किंवा मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला घ्यावा. फवारणीची वही मराठीत ठेवली तरी चालेल, मात्र औषधाचे व्यापारी नाव लिहून थांबू नये; डब्यावरील मूळ घटक, मात्रा, तारीख आणि शेताचा सर्व्हे नंबरही लिहावा.

रंगाबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात फ्रान्समध्ये सुदान-१ हा बंदी असलेला रंग सापडला, युरोपीय संघाने तातडीचे निर्बंध घातले आणि तेव्हापासून मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची तपासणी सक्तीची केली. प्रामाणिक उत्पादकाचा माल अशा भेसळीच्या मालात मिसळला की दोष सर्वांच्याच माथी येतो. म्हणून निर्यातीचा ढीग सौद्याच्या मालापासून वेगळा ठेवावा आणि प्रत्येक पोत्यावर शेताचा क्रमांक घालावा.

नियम बदलण्यापूर्वी बोलण्याचा हक्कही एसपीएस करारानेच दिला आहे आणि आपल्या भागात तो फारच कमी वापरला जातो, याची मला खंत वाटते. आंतरराष्ट्रीय मानकाहून वेगळा आणि व्यापारावर मोठा परिणाम करणारा नवा नियम आणताना देशाने जागतिक व्यापार संघटनेला आगाऊ कळवायचे असते आणि हरकतींसाठी सर्वसाधारणपणे ६० दिवस द्यायचे असतात. ई-पिंग या विनामूल्य संकेतस्थळावर पीक आणि देश निवडून नोंदणी केली की अशा सूचना ईमेलवर येतात. हा करार सरकारांमधील असल्याने शेतकऱ्याला थेट दाद मागता येत नाही. अन्नसुरक्षेच्या सूचनांवरील म्हणणे एफएसएसएआयमार्फत पुढे जाते. उत्पादक कंपनीने किंवा सोसायटीने ते इंग्रजीत आणि पहिल्या महिन्यातच पाठवावे, म्हणजे दिल्लीला छाननीसाठी वेळ उरतो. सोबत आपल्या मालाचे दोन-तीन हंगामांचे तपासणी अहवाल आणि फवारणीच्या वहीचे उतारे जोडावेत.