बीपीवाल्या आईबाबांचा व्यायाम: रविवारची पर्वती नको, रोज थोडं चाला

आमच्या बाबांचं वय ७२, बीपीची गोळी गेली १४ वर्षं चालू आहे आणि व्यायाम म्हणाल तर दर रविवारी पर्वती. १०३ पायऱ्या, वर देवाला नमस्कार, खाली उतरून मिसळ आणि मग पुढचे सहा दिवस सोफा, पेपर आणि बातम्या. वर पुन्हा म्हणायचे, मी एवढा व्यायाम करतो तरी वरचा आकडा १५० च्या खाली का येत नाही. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, काका, आठवड्याच्या सात गोळ्या तुम्ही रविवारी एकदम घेता का?

तर मुद्दा हा आहे. चालताना पायांच्या स्नायूंना रक्त जास्त लागतं म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि चालणं थांबलं तरी त्या लगेच आखडत नाहीत, काही तास सैलच राहतात, त्यामुळे बीपी नेहमीपेक्षा थोडं खाली राहतं, काहींचं तर जवळजवळ दिवसभर. दुसऱ्या दिवशी नाही चाललात की ते परत आपल्या जागेवर. रोज किंवा दिवसाआड असं दोन-तीन महिने चाललं की एरवीचं बीपी पण उतरायला लागतं, हाय बीपीवाल्यांमध्ये वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने. आकडा लहान वाटतो पण गोळीच्या जोडीला एवढं मिळत असेल तर काय वाईट आहे.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते, आईबाबांना शिकवता शिकवता मला जे कळलं ते.

पहिले बीपी नीट मोजा. आमच्याकडे बाबा चहा पिता पिता, पायावर पाय टाकून, टीव्हीवरच्या भांडणावर मोठमोठ्याने कॉमेंट करत मोजायचे. असं नाही. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम काही नाही, बाथरूमला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. घरी १३५/८५ किंवा वर येत राहिलं तर ते जास्तच धरतात. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी अजून एक, जे कोणी करत नाही: उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण या वयात उभं राहिल्यावर बीपी सावरायची शरीराची पद्धत जरा सुस्त झालेली असते आणि व्यायाम सुरू केल्यावर नेमकी तिथेच चक्कर येते.

बीपी १८०/११० किंवा वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. हार्टचा त्रास, पॅरॅलिसिस, अलीकडचं ऑपरेशन, चालताना छातीत भरून येणं यातलं काही असेल तर आधी तपासणी, मग बूट. डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं आठवत बसू नका. का ते पुढे येईल.

चालणं. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं पुरे, खरंच. सपाट रस्ता, सोसायटीच्या आतला असला तर उत्तम, कारण आपले फुटपाथ म्हणजे वेगळाच व्यायाम आहे. मग दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत ३० वर न्या, आठवड्यातले पाच दिवस. एकदम ३० झेपत नसेल तर सकाळी १५ संध्याकाळी १५, तेही चालतं. वेग किती? चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बाबांच्या मनगटावर नातवाने दिलेलं घड्याळ होतं, ते नाडी ११० झालीच पाहिजे म्हणून धावायला बघायचे, पण ते मेटोप्रोलॉल घेतात, तसल्या गोळ्यांनी नाडी मुळातच फारशी वाढत नाही, म्हणजे घड्याळाचं ऐकलं तर दमून खाली बसायची वेळ. श्वासाचं ऐका.

आणि थांबणं, यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जोरात चालून आलात आणि गेटपाशी कोणी भेटलं म्हणून एकदम खांबासारखे उभे राहिलात की काय होतं, पायातल्या रक्तवाहिन्या अजून रुंद आहेत, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत होते ते थांबले, रक्त पायात साचलं, डोक्याला कमी पडलं आणि डोळ्यापुढे अंधारी. आमच्या बाबांना हे लिफ्टमध्ये झालं, नशीब मागे आरसा होता त्याला टेकले. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं रमतगमत आणि शेवटची पाच ते दहा मिनिटं परत रमतगमत, हा भाग घाई असेल तरी कापायचा नाही, मधला कापा. आल्याआल्या कडकडीत पाण्याने आंघोळ पण नको, त्याने रक्तवाहिन्या अजून सैल होतात, १५-२० मिनिटं बसा मग जा.

आईचं वेगळं. तिचे गुडघे बोलतात, त्यामुळे ती चालायचं नावच काढत नव्हती. तिला खुर्ची दिली. भिंतीला टेकवलेली, हात असलेली घट्ट खुर्ची, चाकांची नाही आणि ती प्लॅस्टिकची डुगडुगणारी तर अजिबात नाही. हातांचा कमीत कमी आधार घेऊन उठायचं, बसायचं, आठ वेळा, थोडं थांबून परत आठ. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून दुमडणं. आठवड्यातून दोन दिवस एवढं करायचं, लागोपाठ नाही. तोल जाऊ नये म्हणून ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं हे तीन दिवस, घरात कोणी असतानाच. यात एकच नियम मोठा: श्वास रोखायचा नाही. जोर लावताना आपण दात आवळून श्वास धरतो आणि तेवढ्या वेळात बीपी भसकन वर जातं. आई मोठ्याने आकडे मोजते, बोलत असलं की श्वास रोखलाच जात नाही, शेजारच्यांना वाटतं पाढे म्हणतेय.

भिंतीला पाठ लावून अर्धं बसून राहायचे व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आलेच असतील. त्यात तथ्य आहे, २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात असे एका जागी ताण धरायचे व्यायाम सगळ्यात वर आले, वरचा आकडा सरासरी ८ ने कमी, चालणं वगैरेचा साडेचार. पण त्यात सगळ्या वयाचे लोक होते आणि ताण धरलेला असताना बीपी चढतंच, त्यामुळे ७० च्या पुढे, कडक गुडघ्यांसह, आपल्या मनाने सुरू करण्यातला हा प्रकार नाही. डॉक्टर हो म्हणाले तर फिजिओथेरपिस्टसमोर करा.

योगासनं करणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका टाळा, प्राणायामात कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. हळू श्वास, अनुलोम विलोम चालेल. शवासनातून ताडकन उठू नका, कुशीवर वळा, बसा, मग उभे राहा.

आता ती पाकिटं. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात घामाने पाणी अजून कमी होतं, चालण्याआधी थोडं पाणी प्या, पण मिठाचं सरबत किंवा ओआरएस रोजचं करू नका, बीपीवाल्याला ते मीठ कशाला. प्रोस्टेटसाठी किंवा बीपीसाठी प्राझोसिन, टॅम्सुलोसिन असलं काही चालू असेल तर उभं राहताना जास्त सांभाळा. डायबेटिसचं इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी नाही, खिशात साखरेची पुडी. थंडीत पहाटे पाचला जाऊ नका, गारठ्याने रक्तवाहिन्या आखडून बीपी वाढतं, ऊन पडू दे. पावसाळ्यात गॅलरी ते दार अशा फेऱ्या मारा, कंटाळवाणं आहे पण पाय घसरून खुबा मोडण्यापेक्षा बरं.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दम न सावरणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर घरी जाऊन पडतो असं नाही, तिथेच बसा आणि १०८.

वही चालू ठेवा. बाबांचं तीन महिन्यांत १५० वरून १४० च्या आत आलं, मिसळ अजून आहे पण पापड लोणचं गेलं, आणि लगेच त्यांना वाटलं आता गोळीची गरज नाही. मला न सांगता सुरीने अर्धी करून घेत होते. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या अशा मनाने तोडायच्या नसतात, आणि कमी करायची की नाही ते वही बघून डॉक्टर ठरवतात. उरलेले अर्धे तुकडे मला पत्त्यांच्या डब्यात सापडले, एकूण नऊ.